काकू, आता झोपा

रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी, डोक्यापासून पोटरीपर्यंत बावीस तारा चिकटवून झाल्यावर, माझ्या मुलीच्या वयाची टेक्निशियन दारात थांबली आणि म्हणाली, "काकू, आता झोपा. अगदी घरच्यासारखं." दिवा मालवून ती निघून गेली.

'घरच्यासारखं' या शब्दावर मी पुढचा सव्वा तास विचार केला. घरी मला कोणी 'आता झोप' असं म्हटल्याचं आठवत नाही. घरी अंथरुणाला पाठ टेकली की जे वाक्य ऐकू येतं ते, "गॅस बंद केलास ना?" एवढं विचारून हे घोरू लागतात, आणि गॅस खरंच बंद केला होता की नाही याची काळजी करायला मी एकटी उरते. इथे गॅसच नव्हता. त्यामुळे झोपायला सुरुवात कुठून करायची तेच कळेना.

तक्रार करण्याचा माझा स्वभाव नाही. पुढच्या गोष्टी केवळ नोंद असावी म्हणून लिहिते आहे.

मूळ दुखणं हृदयाचं. बँकेतून निवृत्त झाल्यावर चौथ्या महिन्यात ओट्यापाशी उभी असताना छातीत कबुतर अडकल्यासारखी फडफड सुरू झाली. डोंबिवलीत कबुतर कुठेही अडकू शकतं, म्हणून मी आधी खिडकी पाहिली. ईसीजीत नाव निघालं एट्रियल फिब्रिलेशन. शाळेच्या पुस्तकात ज्यांना अलिंद म्हणतात ते हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून थरथरत बसतात. वरून मिनिटाला तीन-चारशे किंवा त्याहूनही जास्त सूचना सुटतात. मध्ये एक गाठ बसलेली असते, ती त्यातल्या शंभर-दीडशे खाली सोडते, आणि खालचे कप्पे तेवढ्याच अमलात आणतात, त्याही हव्या त्या वेळी. मी चौतीस वर्षं शाखेत काढली आणि वरून मुख्य कार्यालयाची परिपत्रकं येत राहिली. ही कार्यपद्धती मला समजावून सांगावी लागली नाही.

गोळ्या तीन. एक रक्त पातळ ठेवायची, कारण थरथरत्या कप्प्यात रक्त साचून गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे निघू शकते. दुसरी ठोके आवरायची. तिसरी ब्लडप्रेशरची, आणि तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे. या तिसरीचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

हृदयाच्या डॉक्टरांनी सगळं तपासून झाल्यावर विचारलं, "झोप कशी लागते?"

"पडल्या पडल्या," मी म्हणाले. अभिमानाने म्हणाले. मी रात्री कूस बदलत बसत नाही, कोणाला त्रास देत नाही. साठ वर्षांत माझ्या नावावर जमा असलेला हा एक गुण. डॉक्टरांनी तो लक्षणांच्या रकान्यात लिहून घेतला.

मग त्यांनी समजावलं. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींचा घसा मिटूनच जातो आणि हवा बंद होते. छाती मात्र ओढत राहते, उसाच्या रसाची नळी चोथ्याने चोंदल्यावर आपण ओढत राहतो तशी. त्या ओढीने हृदयाचे पातळ भिंतींचे वरचे कप्पे ताणले जातात. रक्तातला ऑक्सिजन उतरतो. मग मेंदू दचकतो, अड्रेनलिन सुटतं, घसा उघडतो, घुर्रकन श्वास आत येतो आणि ठोके उसळतात. श्वास दहा सेकंद किंवा जास्त थांबला की एक घटना धरायची. नुसता बराच मंदावून ऑक्सिजन उतरला तरी धरायची. तासाला पाचाच्या आत असल्या तर ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, त्यापुढे तीव्र. ठोका बिघडलेल्या पेशंटमध्ये हे दुखणं फार आढळतं, आणि ते तसंच ठेवून नुसता शॉक देऊन ठोका ताळ्यावर आणला, तर तो पुन्हा बिघडायची शक्यता वाढते.

"म्हणजे रात्रभर गोंधळ घशाने घालायचा आणि जाब हृदयाला विचारायचा," मी म्हणाले. डॉक्टर म्हणाले, साधारण तसंच.

"घोरता का?"

मी यांच्याकडे पाहिलं. "छे," हे म्हणाले, "मला तरी कधी ऐकू आलं नाही." यात खोटं काही नाही. ढोल वाजवणाऱ्याला शेजारची टाळ ऐकू येत नाही.

घरी आल्यावर बाळंतपणाला आलेल्या मुलीने मोबाइल पुढे केला. बाळासाठी रात्री उठलेली असताना तिने माझं रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. ऐकताना पहिल्यांदा वाटलं, हे यांचंच. मग ते घोरणं मध्येच तुटतं. सगळं शांत होतं. त्या शांततेत मुलीचा दबका आवाज येतो, "आई?" त्यानंतर बराच वेळ काही नाही, आणि मग घुर्र. तीन महिने तिने ते कोणाला ऐकवलं नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून. आमच्या घरात यांच्या घोरण्याला सदतीस वर्षं विनोदाचा दर्जा आहे. पाहुण्यांना आम्ही ते चिवड्याबरोबर देतो. माझं मात्र लपवून ठेवण्याजोगं निघालं.

मग फॉर्म आले. पहिल्यात आठ प्रश्न होते. त्यातला एक गुण पुरुष असल्याबद्दल होता. तो मला मिळाला नाही. एक गुण गळ्याचा घेर चाळीस सेंटिमीटरच्या वर असल्याबद्दल. ब्लाउजच्या टेपने मोजला, छत्तीस भरला. तोही गेला. बायकांमध्ये हे दुखणं पाळी गेल्यावर वाढतं, आणि त्या घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, झोपमोड असलं काही सांगतात, त्यामुळे ते लवकर ओळखू येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. थकव्याला त्या फॉर्ममध्ये एक गुण होता. पुरुष असण्याइतकाच.

दुसरा तक्ता 'एपवर्थ' नावाचा. मेलबर्नच्या एका डॉक्टरांनी १९९१ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून जगभर चालतो. आठ प्रसंग दिलेले असतात आणि प्रत्येकात डुलकी लागण्याची शक्यता शून्य ते तीन यांत सांगायची. बसून वाचताना? सकाळचं वर्तमानपत्र मी रात्री वाचते, आणि अग्रलेखाला पूर्ण तीन देते. सभेत किंवा नाट्यगृहात स्वस्थ बसलेलं असताना? सभेत झोप येणं हे दुखणं धरलं, तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा कोरमच आजारी आहे. सावित्रीबाई फुले नाट्यगृहात मी दोन नाटकांचे पहिले अंक पाहिले आहेत. दुसरे यांनी सांगितले. कोणाशी बसून बोलत असताना? कोणाशी, ते लिहिलेलं नाही. दारू न घेता जेवल्यानंतर शांत बसलं असताना? हा प्रश्न वाचून हे उगाच हसले.

पण खरी अडचण चौथ्या प्रश्नाशी आली. 'वाहनात प्रवासी म्हणून सलग तासभर बसले असताना.' हा प्रश्न मेलबर्नमध्ये बसून लिहिलेला आहे हे लगेच कळतं. डोंबिवली ते सीएसएमटी जलद लोकलने साधारण तासभर. मी ते अंतर चौतीस वर्षं रोज दोनदा झोपेत कापलं आहे. चौथ्या सीटवर, अर्ध अंग हवेत, पदरात निवडायला घेतलेली मेथीची जुडी. बसायला मिळालं नाही तर उभ्याने, कडीला हात अडकवून. कुर्ल्याला एक डोळा उघडायचा, दादरला दुसरा. कोणी याला आजार म्हटलं नाही. अख्खा डबा झोपलेला असायचा आणि त्याला लेडीज स्पेशल म्हणत. मी तीन गुण लिहिले, पण ते अपुरे वाटले.

बेरीज सोळा झाली. दहाच्या वर गेलं की झोप जास्त येते असं समजतात. यांनी गंमत म्हणून स्वतःचाही तक्ता भरला. त्यांना सतरा आले. "बघ," म्हणाले. कुठल्याच परीक्षेत मी यांच्यापुढे जायचं नाही, असा आमच्या घरी प्रघात आहे.

ही तपासणी घरी छोटं यंत्र नेऊनही करता येते आणि ती स्वस्त पडते, हे यांनी डॉक्टरांच्या लक्षात आणून दिलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा पेशंट असला की आम्ही सगळ्या तारा लावून बघणं पसंत करतो. श्वास दोन कारणांनी थांबतो. एकदा दार बंद झालं म्हणून, एकदा मेंदू श्वास घ्यायची आज्ञा द्यायलाच विसरला म्हणून. बोटावरच्या चिमट्याला दोन्ही सारखेच दिसतात. छाती-पोटाचे पट्टे पाहिले की कळतं, अंग धडपडत होतं की स्वस्थ होतं. हृदय कमजोर असलं की दुसरा प्रकार जास्त दिसतो. श्वास चढत चढत जातो, उतरत उतरत थांबतो, पुन्हा चढतो. डब्लिनच्या चेन आणि स्टोक्स या दोन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात हे लिहून ठेवलं, म्हणून त्यांचं नाव. उपचार दोन्हींचे वेगळे. हे ऐकून यांनी खर्चाचा विषय सोडला. गाडीत बसल्यावर पुन्हा धरला.

हॉस्पिटल ठाण्याचं. कोणतं ते लिहीत नाही, कारण त्यांनी ठरवून काही केलेलं नाही. त्यांनी आधी सूचनांचा कागद दिला. दुपारी झोपू नये. हे मला चौतीस वर्षं जमलेलं आहे. दुपारनंतर चहा-कॉफी घेऊ नये. हे मला एकदाही जमलेलं नाही. नखांना रंग नको. केस धुऊन यावेत, तेल लावू नये. मी केस दोनदा धुतले. रात्री टेक्निशियनने टेपने डोकं मोजलं, लाल पेन्सिलीने खुणा केल्या आणि त्या स्वच्छ केसांत ठिकठिकाणी पांढरी चिकट पेस्ट थापली. तेल नको होतं ते यासाठी.

टिकली काढली, कारण कपाळावर तार. मंगळसूत्र काढलं, कारण छातीवर तार. प्रत्येक ठिकाणची कातडी आधी रेती मिसळल्यासारख्या जेलने घासायची असते. "रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना काकू? मग हळू घासते," ती म्हणाली. तिने हळूच घासलं. तरी सकाळी मी जागोजागी निळीजांभळी होते, आणि आठवडाभर सोसायटीतल्या बायका यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघत होत्या.

डोक्यावर मेंदूच्या लहरींच्या तारा. डोळ्यांच्या कडेला दोन, बुबुळं हलली की कळायला. हनुवटीवर स्नायूंसाठी, दोन्ही नडग्यांवर पाय झटकले तर कळायला. नाकात नळी, गळ्याला घोरण्याचा माइक, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला लाल दिव्याचा चिमटा. वर अंधारात दिसणारा कॅमेरा. हे सोबत आलेले नातेवाईक म्हणून सोफ्यावर बसून मोबाइलवर वाचून दाखवत होते. "तुझं फारच सोपं आहे. ईसीजीचं यंत्र करणाऱ्या आइंथोवनला १९२४ साली नोबेल मिळालं. तेव्हा पेशंटला हात नि पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसवायचे." मला पाण्यात पाय सोडून बसायला त्या वेळी काहीच हरकत नव्हती. "१९५३ साली शिकागोत झोपेतली बुबुळांची हालचाल सापडली. त्या संशोधकाने तारा लावल्या त्या स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला." आमच्याकडे मुलांना डॉक्टरकडे नेण्याचं खातं माझ्याकडे होतं. हे संशोधन यांच्या हातून होणं शक्य नव्हतं.

मग भिंतीतल्या स्पीकरमधून तालीम सुरू झाली. डोळे मिटा. उघडा. मान न हलवता डावीकडे बघा. उजवीकडे. दात आवळा. पायाची बोटं हलवा. श्वास रोखून धरा. "आता घोरल्यासारखा आवाज काढा."

अनोळखी पोरीसमोर, परक्या गादीवर, साठी उलटलेल्या बाईने घोरून दाखवायचं. मी घसा खाकरला. "ते नाही काकू. घोरल्यासारखं." मी पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी सोफ्यावरून आवाज आला, "अगं, असं," आणि यांनी करून दाखवलं. स्पीकर म्हणाला, "काका, तुम्ही नको."

इथे सोफ्याविषयी लिहिणं भाग आहे. पेशंटच्या पलंगावर प्लॅस्टिकचं कव्हर घातलेली गादी होती, कुशीवर वळलं की ती कुरकुरायची. उशी पापडासारखी. नातेवाइकांचा सोफा मात्र उलगडून पलंग होणारा, जाड, मऊ, वर घडी घातलेली गोधडी, आणि एसीचा झोत जिथे येत नाही अशा कोपऱ्यात. हे त्याच्यावर आडवे झाले आणि चार मिनिटांत झोपले. एकही तार न लावता.

थोड्या वेळाने स्पीकर कुजबुजला, "काकू, हा आवाज तुमचा आहे का?"

"नाही."

"काकांना जरा हलवता का?"

"मला हलता येत नाही."

शेवटी ती आत आली आणि यांना उठवून बाहेरच्या बाकावर नेलं. बाकावरही ते झोपले. भिंत मध्ये असूनही त्याची खात्री पटत होती. सोफा रात्रभर रिकामा राहिला. मी त्याच्याकडे बघत होते.

मुलीने नंतर मला एक माहिती पाठवली. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हे झोपेच्या शास्त्रात जुनंच ठाऊक होतं. २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं कारण शोधलं. परक्या जागी पहिल्या रात्री मेंदूची डावी बाजू उजवीइतकी गाढ झोपत नाही. ती पहाऱ्यावर असल्यासारखी आवाज टिपत राहते. दुसऱ्या वेळेपर्यंत ती निवळते. मी ते दोनदा वाचलं. माझी पहिली रात्र १९८८ सालची. तेव्हापासून ती बाजू उठलेलीच आहे. आधी सासूबाईंच्या खोकल्यासाठी, मग मुलांच्या तापासाठी, मग पहाटे नळाला येणाऱ्या पाण्यासाठी, दूधवाल्यासाठी, पाच पस्तीसच्या गजरासाठी. गजर वाजायच्या आत उठून तो बंद करायचा, म्हणजे बाकीच्यांची झोप मोडत नाही. दुसऱ्या वेळी निवळते म्हणे. ते संशोधन कोणाच्या सासरी झालेलं नव्हतं.

एक वाजता तिसरी गोळी जागी झाली. लघवीला जायचं म्हणजे आधी कॅमेऱ्याकडे बघून हात हलवायचा. ती येते, सगळ्या तारा ज्या डब्यात जातात तो डबा भिंतीवरून काढते आणि तुमच्या गळ्यात अडकवते. तो गळ्यात घालून, वेण्यांसारख्या तारा हातात धरून मी संडासात गेले. आरशात पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं. चार वाजता पुन्हा तेच. या चार वाजताच्या फेरीचा दोष पूर्ण गोळीचा नाही, हे मागाहून कळलं. श्वास कोंडला की ताणलेल्या हृदयाला वाटतं अंगात पाणी जास्त झालंय, आणि ते लघवी वाढवणारा संदेश सोडतं. इतकी वर्षं मी रात्री उठल्यावर आलेच आहे तर म्हणून उद्याची डाळ भिजत घालत असे.

चारच्या फेरीला ती मुलगी जांभई दाबत होती. मी विचारलं, "तू कधी झोपतेस गं?"

"सकाळी, काकू. लागली तर. समोर बिल्डिंगचं काम चालू आहे."

रात्री दोन पेशंट, बदलापूरला घर. झोपेची नोंद तीस-तीस सेकंदांच्या पानांवर होते. आठ तासांची नऊशे साठ पानं. प्रत्येक पानावर ही बाई झोपली होती की नाही ते कोणीतरी बसून ठरवायचं. माझ्या तीस सेकंदांना इतकं महत्त्व याआधी कोणी दिलेलं नव्हतं. मी तिला एपवर्थचा तक्ता भरलास का असं विचारणार होते, पण तिने डबा भिंतीला लावला आणि म्हणाली, "काकू, झोपा आता."

मग मला खरंच झोप लागली. गाढ, काळीभोर, तळाला लागलेली झोप. आणि लगेच दिवा लागला. "काकू, उठा. साडेपाच वाजले."

एवढी एकच गोष्ट अगदी घरच्यासारखी होती.

डोक्यावर ओढणी बांधून, कपाळावर लाल खुणा घेऊन मी ठाण्याला लोकल पकडली. लेडीज डब्यात एका मुलीने माझ्याकडे एकदा बघून जागा दिली. त्या दिशेला सकाळी गर्दी नसते, डबा निम्मा रिकामा होता, तरी दिली. डोंबिवली वीस-पंचवीस मिनिटांवर. डोळा लागला तो कल्याणला उघडला. हे दुसऱ्या डब्यातून डोंबिवलीला उतरून प्लॅटफॉर्मवर मला शोधत होते. फोनवर म्हणाले, "झोपलीस की काय?" ज्या कामासाठी बारा हजार रुपये भरले होते, ते असं फुकटात झालं.

मेडिक्लेमवाल्यांनी ते बारा हजार दिले नाहीत. ही नुसती तपासणी आहे आणि तुम्ही चोवीस तास दाखल नव्हता, असं उत्तर आलं. मला चोवीस तास झोपू दिलं असतं तर माझी ना नव्हती.

रिपोर्ट दहा दिवसांनी आला. झोप लागायला लागलेला वेळ चौऱ्याहत्तर मिनिटं. एकूण झोप चार तास बारा मिनिटं. ऑक्सिजनचा तळ ब्याऐंशी टक्के. तासाला घटना सत्तावीस, शेरा 'मध्यम'. तीन घटनांनी माझा वरचा वर्ग हुकला, आणि पहिली रात्र असूनही वाढीव गुण देत नाहीत. बहुतेक घटना दार बंद होण्याच्या होत्या, मेंदू आज्ञा विसरला असं फारसं नव्हतं. मला ते आधीच सांगता आलं असतं. माझा मेंदू आजवर काही विसरलेला नाही, तीच तर अडचण आहे.

खाली आणखी एक रकाना होता, जाग येण्याचा. श्वास कोंडला की मेंदू तीन-चार सेकंद जागा होतो, घसा उघडतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. माझा आकडा होता तासाला चोवीस. डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला वाटतं पडल्या पडल्या झोप लागते आणि थेट सकाळ होते. तुम्ही रात्रभर दर अडीच मिनिटांनी उठताय. थकवा येणारच."

मी पंचवीस वर्षं म्हणते आहे की मला थकवा येतो. सासूबाई म्हणायच्या, आमच्या वेळी गिरण्या नव्हत्या. ऑफिसात म्हणाले, बी-ट्वेल्व्ह बघा. हे म्हणाले, जरा फिरायला जात जा. आता बावीस तारा, नऊशे साठ पानं आणि सही-शिक्क्यानिशी तेच लिहून आलं. रिपोर्ट मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला आहे. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सन्मानपत्राच्या वर.

मग मशीन. नाकावर मास्क बसवून हवेचा दाब सोडतं, त्या दाबाने घसा उघडा राहतो. दुकानदार म्हणाला, सगळ्यात महागडं घ्या, ते आपलं आपण सगळं ठरवतं. डॉक्टर म्हणाले, हृदयाच्या पेशंटने असं परस्पर घ्यायचं नसतं. हृदयाचा पंप फार कमजोर असलेल्या, मेंदूकडून श्वास चुकणाऱ्या पेशंटवर अशा एका हुशार प्रकारच्या मशीनची मोठी चाचणी झाली होती. २०१५ साली निकाल आला तेव्हा मशीन वापरणाऱ्यांत हृदयाचे मृत्यू वाढलेले दिसले. माझा पंप टूडी इकोत चांगला आहे, तेव्हा मला साधंच मशीन पुरे. यांनी अर्थातच त्याचाही इतिहास वाचून दाखवला. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरांनी १९८१ साली ही युक्ती प्रसिद्ध केली, आणि सुरुवातीला त्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली. आमचा व्हॅक्यूम क्लीनर गेल्या दिवाळीपासून माळ्यावर आहे. तो खाली काढावा का, असं यांनी विचारलं. साठ हजार वाचले असते.

मशीन लावून आता दोन महिने झाले. नाकावर वळ उठतो, तोंड कोरडं पडतं आणि रात्री आरशात मी लढाऊ विमान चालवायला निघाल्यासारखी दिसते. फडफड पूर्ण थांबलेली नाही, पण कबुतर आता रोज येत नाही. रात्री उठणं एकदावर आलं आहे. त्यामुळे डाळ भिजत घालायची राहून जाते, आणि गेल्या आठवड्यात दोनदा घरात फक्त पिठलं झालं. याबद्दल तक्रार आली.

दुसरी तक्रार मशीनबद्दल. यांचं म्हणणं, रात्री त्याचा सूं सूं आवाज येतो. झोपमोड होते. सदतीस वर्षांत ही त्यांची पहिलीच झोपमोड असल्यामुळे ती आम्ही गांभीर्याने घेतली. मी डॉक्टरांना यांचा सतरा गुणांचा तक्ता दाखवला. त्यांनी गळा मोजायला सांगितला. ब्लाउजच्या टेपने मोजला, त्रेचाळीस भरला. पुरुष असल्याचा गुण आपोआप मिळाला.

यांचा नंबर पुढच्या गुरुवारी आहे, त्याच हॉस्पिटलात, त्याच खोलीत. सोबत एक नातेवाईक लागतो. मी जाणार आहे. मशीनची बॅग भरून ठेवली आहे. सोफ्याशेजारी प्लग आहे, तो मी त्या रात्रीच पाहून ठेवला होता.